ठाय आणि दुगुन

लीड्सला मुलीकडं सहा महिने राहून आलेला एक मित्र हल्ली दुपारी विश्रामबागेत चहाला भेटला, की दहा मिनिटांत वाफेवर येतो. तिकडं म्हणे जुन्या इंजिनांच्या खास सहली निघतात. डब्यात बहुतेक आमच्याच वयाची माणसं, हातात स्टॉपवॉच, खिडकीला चिकटलेली. रुळाकडेला पाव-पाव मैलावर खुणेचे खांब असतात. दोन खांबांमधले सेकंद मोजायचे, 900 ला त्यानं भागायचं, आला ताशी मैलांचा वेग. 12 सेकंद म्हणजे 75. वाफेच्या इंजिनाला तिकडं हल्ली साधारण तेवढीच मुभा असते. त्यामुळं कुणी साडेअकरा मोजले, की सगळे एकमेकांकडं बघून गालातल्या गालात हसतात. मग पूर्वी कुठल्या उतारावर कुठल्या इंजिनानं किती गाठले होते, याच्या आठवणी निघतात, आणि त्या गाडी थांबल्यावरही थांबत नाहीत.

मॅलार्ड नावाच्या इंजिनावर तर तो अर्धा तास सहज बोलतो. 3 जुलै 1938, ताशी 126 मैल, वाफेच्या इंजिनाचा आजवरचा विक्रम. मी म्हणतो, उतारावर पळालं ते. शिवाय त्या धावेत मधलं बेअरिंग इतकं तापलं, की पीटरबरोला इंजिन काढून दुसरं जोडावं लागलं. हे बोललेलं त्याला आवडत नाही. जर्मनांनी दोन वर्षं आधी वाफेवरच ताशी 200 किलोमीटरचा आकडा ओलांडला होता हे तर त्याच्यासमोर काढायचंच नाही.

माझा हट्ट एवढाच, की वाफेच्या गाडीचा वेग घड्याळात नसतो, कानात असतो. आता हे मिरजेत आजोळ असलेल्या माणसानं म्हणायचं म्हणजे थोडं धाडसच. कारण आमच्या वाट्याला आली ती मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी नॅरोगेज, बार्शी लाईट रेल्वेनं 1927 साली मिरजेपर्यंत आणलेली. रुळांमध्ये अंतर अडीच फूट. मिरज स्टेशनात तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही गाड्या दिसायच्या आणि त्यांत आमची सगळ्यांत धाकटी. चालत्या गाडीतून उतरून, शेतातली दोन वांगी तोडून पुन्हा मागच्या डब्यात चढल्याची गोष्ट त्या लाईनीवरच्या प्रत्येक गावात सांगतात. ती मी सांगत नाही.

मी सांगतो ती मामाची. मामा शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी तबला वाजवायचा. आजीला पंढरपूरला न्यायचं म्हणून आम्ही निघालो होतो. आरग मागं पडलं, रान मोकळं झालं आणि इंजिनानं जो काही सूर धरला! भकभक म्हणावं तर तेवढी फट उरेना, नुसती एकसंध धडधड. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आजीनं शर्टाला धरून आत ओढलं, तोवर डोळ्यात कोळशाचा कण गेलेला. एक डोळा चोळत मी मामाला म्हटलं, ‘मामा, शंभरनं चाललीय नव्हं?’

मामानं मनगटावरचं घड्याळ डोळ्यासमोर धरलं. एक किलोमीटरचा दगड गेला. दुसरा यायला बराच वेळ लागला. ‘120 सेकंद,’ मामा म्हणाला. ‘3600 भागिले 120. कर.’

तीस. मला रडूच यायचं बाकी होतं. ‘पण आवाज बघ की किती जोरात येतोय!’

मामानं लाकडी बाकावर बोटांनी ठेका धरला. सावकाश, ठाय लयीत, एक आवर्तन. मग ठेक्याची लय तीच ठेवून बोल दुप्पट केले, म्हणजे दुगुन. ‘बघ. गाडी ठायलाच आहे. चाक दुगुन वाजवतंय.’

त्याचं गणित बरोबर होतं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फुत्कार बाहेर पडतात. आता बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची, नाकावर चांदणी रंगवलेली ती डब्ल्यूपी, ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन, आठवा. तिचं मोठं चाक साडेपाच फुटांच्या वर, आणि आमच्या नॅरोगेजचं जेमतेम निम्मं. म्हणजे तेवढंच अंतर कापायला आमच्या चाकाचे फेरे दुप्पट, फुत्कारही दुप्पट. आमची 30 नं धावायची तेव्हा कानाला 60 ऐकू यायचे. बाकीचे चाळीस माझ्या वयाचे होते.

मिरजेत ही गोष्ट चटकन कळते. तिथं सतारीचे भोपळे वाळत घालतात (तेही पंढरपूरकडूनच येतात), आणि तिथल्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेब कायमचे झोपले आहेत. 1937 साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथं फलाटावरच गेले. रेल्वेचा विषय निघाला, की मला हे हमखास आठवतं. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, ‘गाडी कुठली होती?’ अशा माणसाशी काय बोलणार?

पंढरपूरची लाईन आता ब्रॉडगेज झाली आहे. परवा तिकडं जाताना शेजारचा पोरगा मोबाईलवर गाडीचा वेग बघत होता. 80 च्या पुढं गेला तसा त्यानं मला कोपरानं ढोसून आकडा दाखवला. मी मान डोलावली. मामा असता तर त्यानं मोबाईलचा आकडा घड्याळ लावून तपासला असता आणि बहुधा बरोबरच निघाला असता. मला मात्र ढालगाव कधी गेलं तेही कळलं नाही. डोळा लागला होता.