नुसतं ‘मोठी नदी’

कॅनडाच्या वायव्य टोकाकडे जाणाऱ्या डेम्पस्टर हायवेवर 608व्या किलोमीटरला रस्ता थेट पाण्यात शिरतो. पूल नाही, जेट्टी नाही, तिकीटखिडकी नाही. खडीचा एक उतार, पुढे गढूळ तपकिरी पाणी, आणि साधारण किलोमीटरभर पलीकडे तसाच दुसरा उतार. नकाशात ही मॅकेंझी. काठावर उभं राहून दोन गाड्यांतल्या लोकांशी बोलणं झालं की कळतं, ‘मॅकेंझी’ म्हणणारे आपण पाहुणेच. इथल्या माणसांना नाव घ्यायची गरज पडत नाही. नाशिकचा माणूस ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा कोणती गंगा हे कोणी विचारतं का? तसंच.

608 हा आकडा डोक्यात ठेवून दगड मोजत जाऊ नका. युकॉन प्रांताची हद्द 465व्या किलोमीटरला संपते आणि पुढे नॉर्थवेस्ट टेरिटरीजचे दगड पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे फेरीपाशी दगडावर 143च्या आसपासचा आकडा दिसतो. मार्गदर्शक पुस्तकं बेरीज करून लिहितात, दगड करत नाहीत, आणि पेट्रोलचा हिशेब नेमका इथे चुकतो.

‘लुई कार्डिनल’ नावाची फेरीबोट तीन काठांना लागते: दक्षिणेचा, उत्तरेचा, आणि आर्क्टिक रेड नदी जिथे मॅकेंझीला मिळते तिथल्या उंचवट्यावरचं त्सिगेचिक गाव. गावात उतरायचं असेल तर बोटीवर चढतानाच खलाशाला सांगून ठेवा. भाडं नाही, फेरी हा हायवेचाच तुकडा धरतात. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची सवय असणाऱ्याला वाटतं, त्यात काय. फरक उताराचा आहे. नदीची पातळी मोसमभर वरखाली होते आणि दर वसंतात बर्फ काठ खरवडून नेतो, म्हणून पक्कं बांधकाम टिकत नाही. लोडरने खडी ढकलून उतार पुन्हा पुन्हा रचतात. शेवटचा काही मीटरचा भाग ओला आणि भुसभुशीत असतो. पुढची चाकं बोटीच्या फळीवर चढली की लांब शेपटाच्या कॅम्परचा मागचा भाग खडीत घासतो. तिरकं घेऊ नका, थांबू नका. पहिल्या गिअरमध्ये सरळ, एका दमात चढवा. पाऊस जोरात झाला की वरून झाडांचे ओंडके वाहत येतात, किंवा पाणी एकदम चढतं, आणि फेरी थांबते. कधी सुटेल याचं उत्तर खलाशाकडेही नसतं. परतीचं विमान त्याच आठवड्यात ठेवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

फेरी साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत. मग नदी गोठू लागते आणि काही आठवडे बोटही नाही, रस्ताही नाही. त्यानंतर बर्फावरूनच गाड्या जातात. गोठलेल्या पाण्यावर किती वजन घालायचं याचा कॅनडातला जुना ठोकताळा पाठ करण्याइतका सोपा आहे: बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, चारने गुणा, तेवढे किलो. 50 सेंटिमीटर जाडीवर 10,000 किलो. हे निळ्या, पारदर्शक बर्फाचं गणित. हवेचे बुडबुडे अडकलेला पांढरा बर्फ निम्म्या ताकदीचा धरतात. गाडी जोरात हाकणं हाही गुन्हाच, कारण गाडीच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि काठाजवळ ती लाट बर्फ फोडू शकते.

वसंतात पुन्हा तीच खोळंबा-पंचाईत, पण कारण वेगळं. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणजे बर्फ आधी वरच्या अंगाला वितळतो आणि खालचं पात्र अजून घट्ट गोठलेलं असतं. सुटलेले बर्फाचे पाट खाली जाऊन अडकतात, बांध तयार होतो, पाणी मागे फुगतं. मे 2021 मध्ये फोर्ट सिम्प्सन आणि मे 2022 मध्ये ‘हे रिव्हर’ (Hay River) नावाचं गाव असंच बुडालं. पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पावसाळा येतो. इथला मोठा पूर बर्फाचा, आणि तोही स्वच्छ ऊन पडलेलं असताना.

आता नावाकडे येतो, कारण हा सगळा मजकूर लिहायचं कारण तेच.

2015 मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजने या एकाच नदीची पाच पारंपरिक नावं अधिकृत म्हणून मान्य केली. दक्षिण स्लेवी भाषेत देहचो, उत्तर स्लेवीत देहो, मिशिफमध्ये ग्राँद रिव्हिएर, इनुविआलुक्तुनमध्ये कूकपाक. चारही नावांचा अर्थ एकच: मोठी नदी. पाचवं ग्विचिन भाषेतलं नाग्विचूनजिक, मोठ्या मुलखातून वाहणारी नदी. ‘मॅकेंझी’ही कायम राहिलं. एकमेकांची बोली न कळणाऱ्या लोकांनी दीड हजारावर किलोमीटरच्या काठावर ठरवल्यासारखं एकच नाव ठेवलं, आणि ते ठेवताना कोणाच्या आडनावाची गरज कोणालाही भासली नाही.

ज्याच्या नावाची पाटी लागली तो अलेक्झांडर मॅकेंझी फरांचा व्यापारी. 3 जून 1789 रोजी तो फोर्ट चिपेवायनहून होड्या घेऊन निघाला आणि जुलैच्या मध्यावर समुद्रापर्यंत पोचला. त्याला हवा होता पॅसिफिक, मिळाला आर्क्टिक. वाट दाखवायला वाटेतले देने, म्हणजे इथले मूळ रहिवासी, होते, त्यांना ही नदी कुठे जाते हे ठाऊक होतंच. (याच नावाचा एक पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला. तो वेगळा. मॅकेंझी किंग तिसराच. पाट्यांवर गोंधळ होतो.)

खरी चिडचिड लांबीच्या आकड्याची. माहितीफलकांवर सर्रास 4,241 किलोमीटर लिहिलेलं असतं. पण ‘मॅकेंझी’ हे नाव ग्रेट स्लेव लेकमधून बाहेर पडल्यावर लागतं आणि समुद्रापर्यंत सुमारे 1,738 किलोमीटरच चालतं. उरलेली लांबी दुसऱ्या नावांची आहे: ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात ती फिनले, विलिस्टन जलाशयानंतर पीस, पुढे स्लेव, आणि तळं ओलांडल्यावर मॅकेंझी. एक पाणी, चार नावं. आपल्याला हे नवं नाही. वर्धा आणि वैनगंगा मिळाल्या की प्राणहिता होते. भीमा पंढरपुराला वळण घेते आणि तेवढ्यापुरती चंद्रभागा होते. फरक इतकाच की आपल्याकडे नाव बदलतं ते संगमावर किंवा तीर्थावर. इथे शेवटचं नाव, स्लेवचं मॅकेंझी, बदलतं ते तळ्यापाशी. होडीतून आलेल्या माणसाला तळ्याच्या पलीकडच्या काठावर नदीचं तोंड नव्याने शोधावं लागायचं. पलीकडे सापडली ती त्याच्या लेखी दुसरी नदी.

त्या चार नावांतलं ‘स्लेव’ वाचून गुलामगिरी आठवते. संबंध आहे, पण आडवळणाचा. क्री लोक आपल्या शेजारच्या देने लोकांना हिणवायला ‘गुलाम’ अशा अर्थाचा जो शब्द वापरत, त्याचं आधी फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी भाषांतर केलं, आणि शत्रूने दिलेली शिवी नकाशावर नदी, तळं आणि भाषा या तिन्हींना चिकटली. ‘पीस’ मात्र खरंच तहाची नदी: क्री आणि देन-झा या जमातींनी जिथे भांडण मिटवलं, त्या पीस पॉइंटवरून. लिआर्ड ही मोठी उपनदी म्हणजे फ्रेंचमधलं पॉप्लर झाड. फोर्ट सिम्प्सनला ती मॅकेंझीत उतरते तेव्हा तिचं गढूळ पाणी आणि मोठ्या नदीचं नितळ पाणी कित्येक किलोमीटर शेजारी-शेजारी, न मिसळता वाहतं. मला हे नाव सगळ्यात पटतं. झाड पाहिलं, नाव दिलं, विषय संपला.

डेम्पस्टरला लागायच्या आधीचा व्हाइटहॉर्स ते डॉसन हा दिवस लांब आणि कंटाळवाणा. फक्त पुलांकडे लक्ष ठेवा. पेली, स्ट्युअर्ट ही दोन्ही नावं फरांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या माणसांची, आणि ती देणारा रॉबर्ट कॅम्पबेल त्याच कंपनीचा नोकर. पेली म्हणजे कंपनीचा गव्हर्नर, स्ट्युअर्ट हाताखालचा. कारमॅक्सच्या पुलाखालचा युकॉन (नदी, प्रांत नव्हे) त्या काळी ‘लुईस’ होता. तेही कंपनीतल्याच एका बड्या माणसाचं आडनाव. 1851 मध्ये कॅम्पबेल फोर्ट सेलकर्कहून प्रवाहाबरोबर खाली गेला, थेट फोर्ट युकॉनला जाऊन पोचला, तेव्हा कुठे कंपनीला कळलं की आपली पेली आणि आपलाच युकॉन ही एकच नदी आहे. लुईस नाव पुढे नकाशावरून गेलं. डॉसनजवळचं ‘क्लोंडाइक’ हा हान भाषेतल्या ट्रॉन्डेकचा इंग्रजांना जमलेला उच्चार: सामन मासे अडवण्यासाठी पात्रात खुंट ठोकायचे, ते ज्या दगडांनी ठोकायचे त्यावरून. सोन्यामुळे जगभर गाजलेलं नाव मुळात मासेमारीचं.

डॉसनच्या पूर्वेला 40 किलोमीटरवर डेम्पस्टर सुरू होतो. 1959 मध्ये काम सुरू, 1979 मध्ये रस्ता खुला. डांबर जवळजवळ नाहीच. खालची जमीन कायमची गोठलेली असल्यामुळे रस्ता खडीच्या जाड थरावर उचललेला आहे. हा थर नसता तर जमीन वितळून रस्ता खचला असता. ही खडी म्हणजे शेल या पापुद्र्यांच्या खडकाचे धारदार तुकडे, ती टायर कापते. पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या घ्या, डिकीतली ती बारकी नको. धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात, पावसात त्याचा साबण होतो. डॉसन सोडल्यावर पेट्रोलची भरवशाची जागा म्हणजे 369व्या किलोमीटरचं ईगल प्लेन्स, मग फोर्ट मॅकफर्सन, मग इनुविक. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा, बहुतेकांत खडीचा रस्ता वर्ज्य असतो.

या रस्त्यावर लोक 405व्या किलोमीटरला आर्क्टिक वृत्ताच्या पाटीजवळ रांगेत फोटो काढतात. माझ्या मते बघण्यासारखी गोष्ट दुसरी आहे, आणि तिथे गर्दी नसते. हा रस्ता पाणलोटाची रेषा तीनदा ओलांडतो. 82व्या किलोमीटरच्या नॉर्थ फोर्क खिंडीपर्यंत सगळे ओढे क्लोंडाइक, युकॉन असं करत बेरिंग समुद्राला जातात. खिंड ओलांडली की ब्लॅकस्टोन आणि ओगिल्वी मिळून पील होते, पील मॅकेंझीला मिळते, म्हणजे आर्क्टिक. पुढे ईगल प्लेन्सच्या पठारावर पुन्हा बेरिंग: ईगल, बेल, पोर्क्युपाइन आणि शेवटी युकॉन. हद्दीवरच्या राइट खिंडीत पुन्हा आर्क्टिक. त्या शेकडो किलोमीटरच्या ओसाडीत डोळ्याला सगळं सारखं दिसतं, पण पावसाचे शेजारी पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात.

सगळं सारखं दिसतं, हे इथे जिवावर बेतलेलं आहे. डिसेंबर 1910 मध्ये फिट्झजेरल्डच्या हाताखाली घोडेस्वार पोलिसांची चार जणांची तुकडी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाली. वाट नद्यांच्या गोठलेल्या पात्रांतून, आणि कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी वळायचं हे ओळखण्यावर सगळी भिस्त. एका ग्विचिन माणसाने काही दिवस वाट दाखवली. त्याला परत पाठवून दिलं. मग फॉरेस्ट क्रीकचं तोंड सापडेना. बर्फात पाटी नव्हती. शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला, माघार घेताना कुत्री खावी लागली, चौघेही वाटेत मेले. मार्च 1911 मध्ये ज्या कॉर्पोरलला ते सापडले तो डेम्पस्टर. म्हणजे रस्त्यालाही नाव शोधणाऱ्याचंच. परत पाठवलेल्या वाटाड्याचं नाही.

पीलची फेरी 539व्या किलोमीटरला, तारेवर ओढली जाणारी, लहान. पील हे नाव शोधप्रवासी फ्रँकलिनने ब्रिटिश राजकारणी रॉबर्ट पीलवरून दिलेलं. ग्विचिन तिला तेत्लित ग्विन्जिक म्हणतात, आणि फोर्ट मॅकफर्सनला तेत्लित झेह. त्सिगेचिक गावसुद्धा 1994 पर्यंत नकाशात ‘आर्क्टिक रेड रिव्हर’ होतं. आताचं नाव म्हणजे लोखंडी नदीचं मुख. लोखंडाचा तांबूसपणा तिथल्या काठांवर दिसतो, म्हणजे दोन्ही नावांनी रंगच पाहिला. यात इंग्रजी नावाला मी गुण देतो.

इनुविकला झोप काढा, बाकी महाग आहे. तिथून टुक्टोयाक्टुकपर्यंतचा रस्ता नोव्हेंबर 2017 मध्ये खुला झाला, अंदाजे 138 किलोमीटर, तोही खडीचाच. शेवटच्या टप्प्यात झाडं संपतात, नुसता टुंड्रा आणि तळी. आणि समुद्रावर पोचल्यावर किनारा लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला. आसपास एकही उंच झाड नाही. ही सगळी लाकडं मोठ्या नदीने दक्षिणेच्या जंगलातून आणलेली आहेत. इनुविआलुइट लोक यांच्यावरच मातीची घरं उभी करायचे, याच लाकडावर चूल पेटायची. पाणी चाखून बघा, अपेक्षेइतकं खारट लागत नाही, तोही कूकपाकचाच प्रताप. बसायला ओंडका कोरडा आणि वाऱ्याच्या बाजूचा निवडा, तिथे डास कमी असतात.