फुली

तिकिटाच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात: पासपोर्टवर जसं आहे तसं. नावाचं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी चुकलेलंच टाकायचं. बापाच्या पासपोर्टवर आडनावात एक अक्षर जास्त आणि मुलाच्या पासपोर्टवर कमी, अशी कुटुंबं माझ्याकडे वर्षाला दहा येतात आणि दोघांची तिकिटं वेगवेगळ्या स्पेलिंगने निघतात. सांगलीत स्टेशन रोडला सतरा वर्षं हेच काम करतेय. तरी 2023 च्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी हा साधा नियम पाळायला मला सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी सहा वाजेपर्यंत झगडावं लागलं.

मंगळवार नक्की आठवतो, कारण अक्का म्हणाल्या, "आज जोगव्याचा वार, पर म्हटलं आधी हे काम करू."

मिरजेकडचं सहा जणांचं पथक. दोन चौंडकंवाले, एक तुणतुणंवाला, झांजेला एक पोरगा, साथीला गाणारी एक बाई, आणि डोक्यावर जग, म्हणजे टोपलीतला देवीचा मुखवटा, घेऊन नाचणाऱ्या अक्का. अक्का यल्लम्माच्या जोगत्या. जन्माला मुलगा म्हणून आल्या, सोळाव्या वर्षी गळ्यात दर्शन, म्हणजे देवीची माळ, पडलं, तेव्हापासून साडीत. काठमांडूत लोककलेचा कार्यक्रम होता, तिथून बोलावणं आलं होतं. तिकिटाचे पैसे बोलावणारे देणार होते, पण ठरलेल्या रकमेपुरतेच.

नेपाळचं काम तसं सोपं. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र, दोन्हीपैकी एक चालतं. बाकी पाच जणांनी मतदार कार्डं आणली होती. अक्कांनी पासपोर्ट काढला. परडीतून काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि पिशवी उघडताना माझ्या टेबलाच्या काचेवर थोडा भंडारा सांडला.

नवाकोरा पासपोर्ट, एकही शिक्का नसलेला. नाव त्यांचं आताचं. फोटोत कपाळभर कुंकू. आणि लिंगाच्या रकान्यात टी.

टी मी ऐकून होते, पाहिला नव्हता. 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, त्याच्याही आधीपासून आपल्या पासपोर्टच्या अर्जात पुरुष-स्त्री यांच्या पलीकडचा तिसरा पर्याय होता. कागदावर सगळं आहे. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर मात्र नव्हतं. आम्ही ज्या पोर्टलवरून स्वस्तातली तिकिटं काढतो, त्यात प्रवाशाच्या नावाआधी मिस्टर, मिसेस, मिस, लहान मुलांना मास्टर, एवढंच. एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. खाली लिंग: एम किंवा एफ. संपलं.

आता मी जे केलं ते सांगते. मी मिस निवडलं आणि एफ टाकलं. विचारलं नाही. समोर अक्का बसलेल्या, मी त्यांना अक्का म्हणतेय, साडी, बांगड्या, मग एफ. मला वाटलं मी मान देतेय. बाकी पाच नावं भरली, सहाही सीट होल्डवर टाकल्या आणि खात्री करून घ्यायला स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते.

अक्का सातवी शिकलेल्या. बोट ठेवून ओळ वाचली.

"म्याडम, हितं एफ का टाकलासा?"

मी म्हटलं, त्यात टी नाही अक्का, आणि एम टाकायला माझं मन होईना.

त्या रागावल्या नाहीत. पासपोर्ट उघडा करून माझ्यासमोर ठेवला आणि सावकाश म्हणाल्या, "मला बाई म्हनत्यात ते बरं वाटतं. पर सरकारनं ह्यात बाई लिवलेलं न्हाई, बाप्याबी लिवलेलं न्हाई. ह्यो टी मिळवाय दोन वर्षं गेली. विजयनगरला कलेक्टर ऑफिसात किती चकरा मारल्या. पोलीस घरला इचाराय आला तवा शेजारची धा मानसं दारात गोळा. आनि तुमी एका मिंटात एफ करून टाकलासा."

सतरा वर्षं मी स्पेलिंगमधलं एक अक्षर माझ्या मनाने बदललेलं नाही. हे अक्षर बदललं.

मग त्यांनी आदल्या वर्षीची गोष्ट सांगितली. दिल्लीत कार्यक्रम होता, तिकीट आयोजकांनी परस्पर काढलं होतं, आधारवरचं जुनं नाव आणि मिस्टर. एका विमानतळावर तपासणीच्या रांगेत पुरुषांच्या बाजूला उभं केलं, तिथून बायकांच्या पडद्याकडे पाठवलं, तिथून परत. जग ठेवलेली टोपली मशिनच्या पट्ट्यावरून पुढे निघून गेली आणि अक्का अलीकडेच. "देवी तिकडं येकटी आनि मी हिकडं," एवढंच म्हणाल्या. त्या फेरीनंतर घरी येऊन त्यांनी ठरवलं की आता सगळे कागद एकसारखे करायचे. 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावरून नाव आणि नोंद बदलता येते. प्रमाणपत्राचा अर्ज आधीपासून रखडलेला होता. त्याच्या मागे लागल्या, ते मिळवलं, मग आधार, मग पासपोर्ट. मतदार कार्ड तेवढं राहिलं होतं. त्यावर अजून जुनं नाव आणि ‘पुरुष’.

मी विमान कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक मुलगा बोलला. सिस्टीममध्ये ऑप्शन नाही, म्हणाला. मी विचारलं, मग काय टाकू? तो म्हणाला, "मॅडम, पॅसेंजर दिसतात कसे, त्याप्रमाणे टाका." फोन स्पीकरवर होता. अक्कांनी ऐकलं. मी तेव्हापासून गिऱ्हाईक समोर असताना फोन स्पीकरवर टाकत नाही.

दुसऱ्यांदा लावला तेव्हा एक बाई होत्या, त्यांनी आपल्या परीने वाट काढली: नेपाळला मतदार कार्ड चालतं ना, मग त्यावर बुक करा, मिस्टर टाका, काही अडचण येणार नाही. नियमाने बरोबर होतं. आमच्या ऑफिसातला मुलगाही म्हणाला, ताई, हे बेस्ट आहे, पाच मिनिटांत तिकीट निघेल. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी फक्त पासपोर्टवर हात ठेवला. मी मुलाला म्हटलं, तू चहा सांग.

इथे थोडं कामातलं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परदेशी विमानाचं तिकीट काढलं की प्रवाशाच्या कागदपत्रांची एक ओळ विमान कंपनीला जाते. आम्ही तिला ‘डॉक्स’ म्हणतो. पासपोर्टचा देश, नंबर, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत, आडनाव, नाव, सगळं आडव्या रेघा मारत एका दमात. हीच माहिती पुढे इमिग्रेशनकडे जाते आणि पासपोर्टशी पडताळली जाते. ओळीतलं एक अक्षर चुकलं तर काउंटरवर माणूस अडकतो. स्वस्तातल्या पोर्टलवर ही ओळ आपल्याला दिसत नाही, ते आतल्या आत बनवतं. पण माझ्याकडे जुनं काळ्या स्क्रीनचं बुकिंगही आहे, ज्यात सगळं हाताने टाईप करावं लागतं. नवी मुलं त्याला हात लावत नाहीत. मी त्याच्यावरच शिकले.

त्या ओळीत टी चालतच नाही. चालतात एम, एफ, आणि 2019 पासून आलेली दोन नवी अक्षरं: एक्स आणि यू. यू म्हणजे सांगायचं नाही. एक्स म्हणजे दोन्हींपैकी नोंद नाही. पासपोर्ट कसा असावा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमातही तिसरं अक्षर एक्सच आहे. ऑस्ट्रेलियाने 2003 मध्ये पहिल्यांदा असा पासपोर्ट दिला, न्यूझीलंडने 2012 पासून, अमेरिकेने 2021 च्या ऑक्टोबरात पहिला. आपण टी छापतो. नेपाळ तर 2015 पासून ओ छापतं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या लिंगाची ओळख 2007 सालीच मान्य केली, आपल्या आधी सात वर्षं. म्हणजे जायचं त्या देशात हे नवीन नव्हतं. अडलं होतं ते माझ्या टेबलावर.

मी काळा स्क्रीन उघडला. त्यात नाव टाकताना मिस्टर-मिस न टाकताही पुढे जाता येतं. नुसतं आडनाव, तिरकी रेघ, नाव. ओळ टाईप केली, लिंगाच्या जागी एक्स.

अक्का मागे येऊन उभ्या होत्या. "ही फुली कशाची?"

मी गप्प झाले. खरंच, फुलीच ती. शाळेच्या पाटीपासून चुकलेल्या उत्तरावर मारतात ती. यादीतून नाव काढायचं असलं की मारतात ती. मी इतकी वर्षं एक्स म्हणत होते, फुली म्हणून कधी डोळ्यांपुढे आली नव्हती. त्यांना तीच दिसली.

मी सगळं समजावलं. म्हटलं, अक्का, जगातल्या सगळ्या विमानांची एक भाषा आहे, त्या भाषेत तुमच्या टी-ला एक्स म्हणतात. पासपोर्टवर टीच राहणार. ही ओळ तिकिटावर छापून येत नाही, मशिनला कळावं म्हणून आहे. आणि तिकिटावर तुमच्या नावापुढे काहीच येणार नाही, मिस्टर नाही, मिस नाही. नुसतं नाव.

बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फुली तर फुली. खोटं न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, खोटं नाही.

पाठवलं. पहिल्या कंपनीकडून नकार आला, लिंगाचा कोड मान्य नाही. तेव्हा पावणेतीन वाजले होते. होल्ड सहाला सुटणार होता. मी त्याच दिवसाचं दुसऱ्या कंपनीचं विमान पाहिलं: माणशी 1,800 रुपये जास्त. बुकिंग करण्याआधी त्यांच्या मुंबईच्या एजंट विभागात फोन केला. तिथल्या बाईंनी एक प्रश्न विचारला, पासपोर्ट भारतीय आहे का? मग म्हणाल्या, थांबा, विमानतळावरच्या लोकांशी बोलून सांगते. असा वेळ मागणारा माणूस दिवसभरात पहिल्यांदा भेटला. साडेचारला त्यांचा ईमेल आला. दोन ओळी: एक्स स्वीकारला जाईल, नावापुढे काही टाकू नका, प्रवाशाला या ईमेलची प्रत सोबत द्या.

राहिला पैशाचा प्रश्न. वरचे पैसे आयोजक देणार नव्हते. मी पथकाला सांगितलं की अक्का एकट्या दुसऱ्या विमानाने जातील, तुम्ही पाच जण स्वस्तातल्याने जा, काठमांडूत दोन तासांनी भेट होईल. चौंडकंवाल्यांतले एक वयस्कर, दिवसभर बाकावर बसून एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "जग एका इमानात आनि चौंडकं दुसऱ्या इमानात, असं कुटं असतंय का?" झालं. सहा जणांचे 10,800 रुपये. तिथेच कमरेच्या, पदराच्या, खिशातल्या नोटा माझ्या टेबलावर आल्या, 1,400 कमी पडले. मी माझं कमिशन सोडलं तरी 500 कमीच पडत होते. ते झांजेच्या पोराने मामाला फोन करून मागवले.

सहाला सात मिनिटं कमी असताना तिकिटं निघाली. एक्सची ओळ मान्य होऊन परत आली, हे मी तीनदा वाचलं.

प्रिंट अक्कांच्या हातात दिली. नावावर बोट फिरवलं, बोटाला भंडारा होता, नावावर पिवळी रेघ उमटली. मग मोबाईल काढून मला एक फोटो दाखवला: राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेण्याआधी राष्ट्रपतींची पदराने दृष्ट काढणाऱ्या मंजम्मा जोगती, कर्नाटकातल्या तृतीयपंथी लोककलावंत. 2021 चा तो फोटो सगळ्यांनीच पाहिलाय. "ह्या आमच्या," म्हणाल्या. ईमेलची प्रत पासपोर्टसोबत त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली.

महिन्याभराने पथक महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलं. त्या रात्री मला झोप नव्हती. काम नीट झालं होतं, पण काउंटरवर कोण बसलेलं असेल हे माझ्या हातात नव्हतं. सकाळी फोन वाजला. मागे विमानतळाचा गलका.

"म्याडम, त्या पोरीनं पासपोर्ट बघितला. मग तिचा टीव्ही बघितला. मग परत पासपोर्ट बघितला."

माझ्या तोंडाला कोरड पडली. म्हटलं, मग?

"मग म्हनली, खिडकी पायजे का?"