घाट उतरल्यावर ओरडणारं चाक

चिपळूणहून कराडकडे निघालं की रस्त्याला लागूनच माझं गॅरेज आहे. कुंभार्ली घाट उतरलेली गाडी पोफळी, शिरगाव करत आमच्यासमोरूनच जाते. त्यामुळे जळक्या ब्रेक पॅडचा वास आणि ब्रेकची कुरकुर आमच्याकडे रोजचीच. त्यातले बरेच आवाज निरुपद्रवी असतात. गाडी उभी केल्यावर चाकातून टिक-टिक येते, ते तापलेलं लोखंड निवत असतं. पावसाळ्यात सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, कारण रात्रभरात डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या लोखंडी तबकडीला पॅड धरतात तिच्यावर, गंजाचा पातळ थर धरलेला असतो. तो आपोआप घासून जातो. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये जांभ्याची खडी अडकली तर असा कर्कश आवाज येतो की माणसाला वाटतं चाकच निखळतंय. गाडी थोडी रिव्हर्स घेतली की बहुतेकदा ती खडी पडून जाते. मात्र ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ऐकू आलं तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. पॅड संपून मागची पट्टी डिस्कला लागलेली असते.

सरांच्या गाडीचा आवाज यातला कुठलाच नव्हता.

सर गुहागर तालुक्यात शिक्षक आहेत. मुलगा कराडला इंजिनिअरिंगला. गणपतीच्या आधी त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजात पुढचे पॅड बदलून घेतले. त्यानंतर मुलगा पहिल्यांदा गाडी घेऊन घाट उतरला तो चाक ओरडतच. परत त्याच गॅरेजात नेली. डिस्क निळसर पडलेली पाहून "डिस्क वाकडी झाली" म्हणून दोन्ही डिस्क नवीन बसवल्या. चार दिवस गाडी गप्प. पुढच्या घाटाला पुन्हा तेच.

"मेस्त्री, दोष गाडीत नाही, ह्याच्या पायात आहे," सर मुलाकडे न बघताच म्हणाले. "घाटात पळवतो आणि खाली येऊन ब्रेकवर उभा राहतो."

मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला विचारलं, "दादा, आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर?"

"सोडल्यावर. दाबला की थांबतो, काका."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. नुसत्या पायाचा दोष असता, म्हणजे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले असते, तर आवाज दाबताना आला असता. सोडल्यावर येतो याचा अर्थ पाय निघाला तरी पॅडने डिस्क सोडलेली नाही. चाक धरतंय.

पण गाडी जॅकवर घेतली तर चारही चाकं मोकळी फिरत होती. बेअरिंग ठीक, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना हाताने सरकत होत्या, रबरी बूट शाबूत. मला आधी शंका पिनांचीच होती. आमच्याकडची हवा खारी आणि दमट, त्यात २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर पाण्यात राहिलेल्या गाड्यांच्या पिना आणि पिस्टन गंजून धरलेले मी ढिगाने सोडवलेत. इथे तसं काहीच नव्हतं. डिस्कला डायल गेज लावला. डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत, म्हणजे नवीन डिस्क उत्तम होती, आणि जुन्या डिस्कवरही निळ्या डागापलीकडे काही नसावं असं मला आजही वाटतं. निळेपणा डिस्क किती तापली ते सांगतो, का तापली ते सांगत नाही.

थंड गाडीत दोष सापडत नसेल तर गाडी गरम करायची. हा वेळ बरेच जण देत नाहीत आणि मग सुटे भाग बदलत बसतात. मी मुलाला शेजारी बसवलं, हत्यारांची पेटी मागे टाकली आणि घाटात गेलो. वळणावळणाने वर चढलो आणि उतरताना मुद्दाम त्याच्यासारखी चालवली, चौथ्या गियरात, ब्रेकवर. साधारण १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आणायची म्हणजे जेवढी उष्णता निघते तेवढ्यात वीस लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातला काही वाटा हवा आणि इंजिन घेतं, पण चौथ्या गियरात इंजिन फारसं काही धरत नाही. उरलेलं सगळं पॅड आणि डिस्कवर. म्हणून ज्या गियरात घाट चढतो त्याच गियरात उतरायचं असं जुने ड्रायव्हर सांगतात.

पोफळीच्या अलीकडे डाव्या बाजूने सुरू झालं. च्रीक, च्रीक, च्रीक, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. पाय नुसता टेकवला की बंद. काढला की पुन्हा. रस्ता सपाट झाल्यावर पुढे बराच वेळ ब्रेकला हात... म्हणजे पाय लावलाच नाही, गाडी आपोआप मंदावू दिली आणि हँडब्रेकने थांबवली. टेम्परेचर गन डिस्कवर धरली: उजवीकडे ८४ अंश, डावीकडे २१२. वारा लागून उजवी डिस्क निवली होती, डावी मात्र अजून तापतच होती.

मोकळी जागा बघून मागच्या चाकांना दगड लावले, पुढून गाडी उचलली, स्टँड दिला. उजवं चाक एका बोटाने फिरलं. डावं दोन्ही हातांनी जोर लावून जेमतेम.

आता कॅलिपरमध्ये तेलाचा दाब अडकलाय की कॅलिपर स्वतः जाम आहे, हे ठरवायचं होतं. दाब अडकला असेल तर तो मास्टर सिलेंडरकडून, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलतो तिथून, की वाटेतून, हेही. उजवं चाक मोकळं आहे म्हणून मास्टर निर्दोष असं म्हणता येत नाही, कारण अशा गाड्यांत ब्रेकची लाईन तिरकी वाटलेली असते, पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर. म्हणून आधी वरचा जोड ढिला केला, जिथे लोखंडी पाईप संपून रबरी होज पाईप सुरू होतो. दोन थेंब गळले. चाक तसंच घट्ट. म्हणजे मास्टरकडून दाब येत नव्हता. तो जोड आवळला, चष्मा लावला आणि कॅलिपरचा निपल, म्हणजे तेल-हवा बाहेर काढायचा स्क्रू, पाव आटा उघडला.

पेडलवर कुणाचाही पाय नसताना तेलाची पिचकारी उडाली. मुलाने चाकाला हात लावला आणि ते गरगर फिरलं.

"काका, मग हे..."

"होज पाईप," मी म्हटलं. "ह्यात तुझा पाय नाही."

गॅरेजात येऊन तो पाईप काढला. बाहेरून धडधाकट, फक्त कॅलिपरकडच्या टोकापाशी रबरावर एक आडवी घडी. कॉम्प्रेसरची अगदी कमी हवा एका टोकातून सोडली तर पार होत होती, दुसऱ्या टोकातून अडकत होती. ब्लेडने उभा चिरला. आतल्या अस्तराचा नखाएवढा तुकडा तीन बाजूंनी फाटून लोंबत होता आणि एका बाजूने चिकटलेला होता. पेडल दाबलं की जोराचं तेल त्या तुकड्याला ढकलून कॅलिपरकडे जायचं. परत येताना तोच तुकडा तोंडावर बसायचा. थंड असताना तेल फटीतून हळूहळू झिरपून जायचं, म्हणून गावात चार दिवस काही कळत नव्हतं. घाटात रबर मऊ पडायचं, तेल फुगायचं आणि वाट पुरती बंद. मग पॅड घासत राहणार, घासून तापणार, तापून आणखी फुगणार.

ती घडी कशाने आली ते मला दिसत होतं. पॅड बदलताना कॅलिपर सोडून तसाच खाली लोंबकळत ठेवला की त्याचं सगळं वजन त्या पाईपवर येतं. बाहेरून काही फाटत नाही, आतलं अस्तर तुटतं. कॅलिपर वर स्प्रिंगला तारेने बांधायचा असतो. एक वीतभर तार लागते.

दोन्ही पुढचे होज बदलले, कारण उजव्याचंही वय तेवढंच होतं. पॅड तापून चकचकीत झाले होते, तेही नवीन. डिस्क तीच ठेवली. ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट ४ भरलं आणि चारही चाकांच्या ब्रेक लाईनमधली हवा काढली. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, आणि त्यात ओलावा शिरला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आमच्या दमट हवेत ओलावा शिरायला वेळ लागत नाही. ज्या चाकावर डिस्कच २१२ दाखवत होती तिथलं जुनं तेल उकळून वाफ झाली असती तर पेडल थेट तळाला गेलं असतं. तेही घाटात. सरांना मी हे स्पष्ट सांगितलं, आणि मुलालाही सांगितलं की उष्णता तू निर्माण केलीस, दोष तुझा नव्हता. पुढच्या वेळी दुसऱ्या गियरात उतर.

सर बराच वेळ तो चिरलेला पाईप उलटसुलट करून बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "ट्रायलला तूच घेऊन जा." दोघं मिळून घाटात जाऊन आले. आल्याबरोबर मी गन लावली. डावीकडे ९६, उजवीकडे ९१.

संध्याकाळी मी त्या आधीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. भांडायला नाही. त्याच्याकडे रोज पॅड बदलायला गाड्या येतात आणि प्रत्येक गाडीचा कॅलिपर असाच लोंबत असेल तर कुणीतरी एक दिवस घाटात अडकणार, म्हणून मला राहवेना. तो आधी चिडला. मी म्हटलं, "भाऊ, येऊन डोळ्यांनी बघ." दुसऱ्या दिवशी आला, आतला फाटका तुकडा बोटाने हलवून बघितला आणि विचारलं, "हा मी नेऊ का? पोरांना दाखवतो." मी पाईप कागदात गुंडाळून दिला, आणि सोबत तारेचं एक भेंडोळंही.