घरी बनवलेला स्लूस बॉक्स आणि पत्र्यापायी गेलेले सात आठवडे : माझा अनुभव

सगळ्यात आधी एकच सांगतो. नदीत सोनं धुवायचा स्लूस बॉक्स, म्हणजे वाहत्या पाण्यात ठेवायची पन्हळीसारखी पेटी, घरी बनवायच्या विचारात असाल तर पत्रा वाकवायला देताना ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात "आतलं माप" असं लिहा. लाल पेनानं लिहा, दोनदा लिहा. सात आठवडे थांबून मिळालेला माझा पत्रा ह्या दोन शब्दांपायी चुकीच्या मापाचा आला आणि अजूनही ते वर्कशॉप रस्त्यात दिसलं की डोकं तापतं.

मी मेलबर्नला असतो, मूळचा कोल्हापूरचा, गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, आमचं छोटं दुकान होतं. लहानपणी झारेकरी सकाळी लवकर यायचे, सोनारांच्या दुकानापुढची धूळ, गटारीतला गाळ झाडून गोळा करायचे आणि घमेल्यात धुवायचे. शाळेला जायच्या आधी मी तिथंच उभा राहून बघायचो, वरचं गढूळ पाणी फिरवून फिरवून जायचं आणि तळाला एक बारीक पिवळी रेघ राहायची. त्यामुळं इथं व्हिक्टोरिया राज्यात १८५१ पासून सोनं निघतंय आणि आजही साधी माणसं सुट्टीला जाऊन नदीत धुतात हे कळल्यावर मला घरात बसवेना.

परवान्याचं म्हणाल तर काहीच त्रास नाही. मायनर्स राइट म्हणतात, ऑनलाइन पैसे भरले की झालं, दहा वर्षं चालतो. १८५४ ला युरेका ह्या इथल्या सोन्याच्या खाणपट्ट्यात खाणवाल्यांनी बंड केलं, तोवर महिन्याचं लायसन्स भरावं लागायचं, सुरुवातीला तर तीस शिलिंग, ते जाऊन पुढच्या वर्षी वर्षाला एक पौंडाचा हा मायनर्स राइट आला. खिशात असला की मला भारी वाटतं, खरंच सांगतो. फक्त खणायला हाताचीच अवजारं चालतात, आणि काही नद्या आणि बहुतेक नॅशनल पार्क बंद आहेत, तेवढं नकाशावर आधी बघून घ्या.

तर बॉक्स. दीड मिलिमीटरच्या आसपासचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, माझा १.६ चा होता, लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २५. तळाला रेघारेघांचं रबर, त्यावर दारातल्या पायपुसण्यासारखी गुंतवळ असलेली मॅट, त्यावर जाळी आणि त्याच्यावर रिफल म्हणजे आडव्या पट्ट्यांची फ्रेम. पाणी पट्टीवरून उडी मारतं आणि मागं छोटा भोवरा होतो, त्यात जड ते बसतं आणि हलकं ते पुढं जातं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू अडीच-पावणेतीन पट, काळी वाळू (लोहखनिजाची) पाच पट. एवढा फरक असल्यावर काम निसर्गच करतो, आपण फक्त आडकाठी आणायची नाही. रिफलची फ्रेम मी स्वतः कापून, रिव्हेट मारून एका रविवारात केली, २४८ मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर मोकळं.

पण सव्वा मीटर पत्रा सरळ रेषेत वाकवायला घरी मशीन नाही, म्हणून जवळच्या एका वर्कशॉपमध्ये दिला. फक्त दोन वाक, दहा मिनिटांचं काम. पुढच्या मंगळवारी या म्हणाले. मंगळवारी गेलो तर मशीनवर मोठं काम चढलंय. त्याच्या पुढच्या मंगळवारी वाकवणारा माणूस सुट्टीवर. मग फोन केला की "उद्या नक्की", आणि उद्या फोन कुणी उचलेना. एकदा ऑफिसातून अर्धा दिवस टाकून गेलो तर माझा पत्रा भिंतीला टेकवून तसाच उभा, त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला, गोल डाग पडलेला. छोट्या गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवायचं हे मला अजिबात पटत नाही. होणार नसेल तर नाही म्हणा ना, मी दुसरीकडं गेलो असतो. आमच्या आण्णांनी दुकानात आयुष्यभर एक नियम पाळला, नथीचा फासा असो नाहीतर पाच तोळ्याचा हार, दिलेली तारीख म्हणजे तारीख.

सातव्या आठवड्यात हातात आला. घरी आणून रिफलची फ्रेम ठेवायला गेलो तर बसेना. मापलं तर आत २४६.८. त्यांनी २५० बाहेरून धरलं होतं, दोन्ही बाजूंच्या पत्र्याची जाडी आतून गेली. परत घेऊन गेलो तर म्हणाले ड्रॉइंगवर आत की बाहेर लिहिलेलंच नाही, नवीन करायचा तर नवीन पैसे आणि तीन आठवडे. पेटीत काहीतरी बसणार आहे हे ड्रॉइंगमध्ये दिसत होतं, एक फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काही न बोलता बॉक्स उचलला आणि घरी येऊन दोन रात्री कानस घेऊन फ्रेमच्या कडा घासल्या.

फ्रेम बसली, पण तेवढ्यावर नदीवर गेलो नाही हे फार बरं केलं. शिशाची परीक्षा घेतली. मासे धरायच्या सामानाच्या दुकानात शिशाचे बारीक छर्रे मिळतात, ते हातोडीनं चपटे करायचे आणि लाल नेलपॉलिश लावायचं. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, म्हणजे शिसं थांबलं तर सोनं थांबणारच (हात नीट धुवा मात्र). परसात टब मांडून त्यात पंप सोडला, वाळूबरोबर २० तुकडे टाकले. राहिले ११. बाकीचे शोधले तर पाच चक्क रबराच्या खाली. सरळपट्टी धरून बघितलं तेव्हा कळलं, तळाला मधोमध पोट आलंय, रबर कडेला उचललेलं आणि पाणी त्याच्या खालून वाहतंय. म्हणजे सात आठवडे थांबून मिळालेला पत्रा वाकवलाही नीट नव्हता.

शेवटी खालून दोन आडवे अ‍ॅल्युमिनियमचे अँगल बोल्टनं आवळून ते पोट ओढून सपाट केलं आणि फ्रेम वरून दाबायला चार विंग नट लावले. परत २० टाकले, १९ राहिले, त्यातले बहुतेक पहिल्या तीन पट्ट्यांत. त्या रात्री आण्णांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तोंडाशी काळं रबर उघडं ठेव, सोनं आलेलं लगेच दिसंल." ठेवलं, आणि ते बरोबर निघालं.

जेमिसन गावाच्या वर गोलबर्न नदीला गेलो. एका मीटरला आठ सेंटिमीटर उतार ठेवा, फोनवर मोजता येतो. रिफल वाळूनं गच्च भरायला लागले तर उतार कमी आहे, अगदी स्वच्छ राहिले तर जास्त आहे, पट्टीमागं अर्धी जागा हलती काळी वाळू दिसली की बरोबर. आणि गोटे चाळणीतून काढूनच आत टाका, हे आधीच सांगायला हवं होतं, एक मोठा दगड अडकला की मागचं सगळं धुऊन निघतं. मोठ्या दगडांच्या मागं, खडकांच्या भेगांत खरवडा, नुसत्या वरच्या वाळूत काही नसतं.

तासाभरानं काळ्या रबरावर पहिला कण दिसला, तिळाच्या टोकाएवढा, पाणी वरून जातंय आणि तो हलत नाही. बायकोला हाक मारली, आम्ही दोघं गुडघाभर थंड पाण्यात ओणवे होऊन नुसते बघत होतो.

दिवसाअखेर मॅट बादलीत झटकून उरलेलं पॅनमध्ये, म्हणजे सोनं धुवायच्या पसरट ताटलीत, धुतलं. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर बारीक सोनं तरंगून जातं. काळी वाळू सुकल्यावर लोहचुंबकानं काढायची, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे साफ करायला सोपं. सोनं भरलं दोन गुंजांच्या जरा आत. खणलेले खड्डे बुजवून निघालो, तो इथला नियमच आहे.

त्या सोन्याची बाटली आता देव्हाऱ्यात आहे. पुढच्या बॉक्सला मरीन प्लायवुड वापरणार, करवत आणि गुण्या माझ्याकडं आहेत, कुणाच्या मंगळवाराची वाट बघायला नको.