चांदणीकडे बघ

रंगपंचमीला आमच्या इंदूरात सगळ्यांना सुट्टी असते, एक्स-रे विभाग सोडून. सकाळी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, गुलाल तीन-चार मजल्यांपर्यंत वर जातो, आणि दुपार व्हायला लागली की आमच्या दाराशी माणसं येऊ लागतात. कुणी घसरून मनगट मोडून घेतलेलं, कुणाच्या पावलावरून गर्दी गेलेली, कुणाचं नाक दुसऱ्याच्या कोपराने सुजलेलं. मी एक्स-रे टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं झाली या कामाला. राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर एक छोटं नर्सिंग होम आहे, तिथे मी असते. रंगपंचमीला त्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही.

त्या दिवशी साडेबारापर्यंत माझे नऊ पेशंट झाले होते. दहावा हा मुलगा. वय बारा. बरोबर आई, आजी आणि काका. लोकमान्य नगरची मंडळी, गेर बघायला आलेली. चौघेही डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी आणि हिरवे. गर्दीत पुढच्या माणसाने हात वर केला आणि त्याचं कोपर मुलाच्या डाव्या डोळ्यावर बसलं, एवढंच झालं होतं. डोळा लाल नव्हता. सूज म्हणावी तर नावाला. पण मुलगा तीनदा ओकला होता.

"सकाळी कचोरी खाल्लीन, मग जिलबी, वर थंडाई," आजी म्हणाल्या. "पोटाला सोसलं नाही, दुसरं काय."

आमचे ड्यूटी डॉक्टर तरुण आहेत आणि त्या दिवशी एकटेच होते. त्यांनी मुलाची मान तपासली, शुद्ध तपासली, डोळ्यात टॉर्च मारून पाहिला. सगळं ठीक. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: एक्स-रे पीएनएस, वॉटर्स. म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा, हनुवटी वर करून काढायचा फोटो. डोक्याला मार आणि उलट्या म्हटल्यावर आजकाल सरळ सीटी स्कॅनच करतात, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे सीटी नाही. जवळच्या सेंटरचा रस्ता गेर सरकेपर्यंत बंद होता. तोवर निदान चेहऱ्याची हाडं बघून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले.

आधी रंग धुवायचा. हे लोकांना विचित्र वाटतं, पण रंगाने गच्च ओले झालेले केस जटांसारखे चिकटतात आणि त्यांची सावली फोटोत येते. ती हाडावर आडवी पडली की हाड चिरल्यासारखं वाटतं. मी त्याचे केस पुसले, कपाळ पुसलं. उजव्या कानात भिकबाळी होती, मुंजीतली. ती त्याला काढायची नव्हती. "मावशी, हरवणार नाही ना?" मी ती त्याच्यासमोर एका छोट्या पाकिटात घातली, पाकीट माझ्या खणात ठेवलं आणि खण बंद करून दाखवला.

चेहऱ्याच्या हाडांचा एकच फोटो काढायची मुभा दिली तर मी वॉटर्सच काढेन. हा व्ह्यू वॉटर्स आणि वॉल्ड्रन या दोघांनी १९१५ मध्ये मांडला, आणि त्याची युक्ती सगळी हनुवटीत आहे. चेहऱ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, दोन्ही बाजूंना पेट्रस नावाचं हाड असतं. त्याच्या पोटात कानाचा आतला भाग असतो. शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड हेच, आणि नावाचा अर्थही दगडासारखं असाच आहे. डोकं सरळ ठेवून फोटो काढला तर या दगडाची पांढरी सावली डोळ्यांच्या खोबणीत भरते. हनुवटी वर करत गेलं की सावली खाली खाली सरकते. अर्धवट वर केली तर ती नेमकी गालांच्या पोकळ्यांवर येऊन बसते. पुरेशी वर केली तर त्यांच्याही खाली उतरते, आणि पोकळ्या, गालफडं, खोबणीची खालची कड, सगळं मोकळं दिसतं.

पुरेशी म्हणजे किती? डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची. तिने प्लेटशी ३७ अंशांचा कोन करायला हवा. हनुवटी प्लेटला टेकलेली आणि नाक एखादा सेंटीमीटर सुटलेलं. शिकत असताना आमच्या सरांनी फिल्मच्या रिकाम्या खोक्यातून ३७ अंशांचा पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून प्रत्येकाला दिला होता. माझा अजून आहे, कडा झिजल्या म्हणून वरून टेप लावलाय. आता नजरेला कोन कळतो, तरी मुलांच्या बाबतीत मी तो कानाशी धरून बघते, कारण मुलांचे चेहरे लहान आणि त्यांच्यात चूकही लवकर होते.

पेशंटला बसवून, तोंड प्लेटकडे करून घ्यायचं. बसवून अशासाठी की पोकळीत रक्त साचलं असेल तर त्याची वरची पातळी तांब्यातल्या पाण्यासारखी सरळ रेघ दिसते. झोपवला की ते पसरतं आणि रेघ जाते. तोंड प्लेटकडे अशासाठी की किरण मागून येतात, वाटेत कवटीत बरेचसे अडतात आणि डोळ्याच्या भिंगाला कमी पोचतात.

हे सगळं ज्याची मान ठीक आहे त्या माणसासाठी. मानेला मार असल्याची शंका आली तर हनुवटीला हातही लावायचा नाही. माणूस आहे तसा पाठीवर राहू द्यायचा आणि ट्यूब तिरपी करून तेवढाच कोन साधायचा. फोटो थोडा मोठा आणि धूसर येतो, येऊ दे. पाठीला बाक आलेल्या आजींनाही मी कधी "आजी, मान वर करा" म्हणून छळत नाही. त्यांची मान जिथवर जाते तिथवर नेते, उरलेले अंश ट्यूबकडून घेते.

या मुलाची मान मात्र ठीक होती, म्हणून मी नेहमीसारखी सुरुवात केली. आमच्या स्टँडच्या वरच्या कडेला मी एक चांदणी चिकटवली आहे, चंदेरी, वाढदिवसाला लावतात तसली. मुलांना हनुवटी वर करा म्हटलं की ती खांदे वर करतात. "चांदणीकडे बघ" म्हटलं की तोंड आपोआप वर जातं. कितीतरी वर्षं ही चांदणी मला उपयोगी पडली आहे.

"राजा, चांदणीकडे बघ."

त्याने वर केलं आणि लगेच खाली घेतलं. मी पुन्हा हनुवटी धरून वर केली, त्रिकोण लावला, जमलं. काचेमागे जाईपर्यंत डोकं खाली. तिसऱ्यांदा आईला लेड ॲप्रन घालून शेजारी उभं केलं. आई म्हणाली, "बाळा, बघ ना रे तिकडे, दोन मिनिटं." बाहेर चार माणसं थांबली होती, एकाच्या हातातून रक्त गळत होतं. चौथ्यांदा मुलाने डोकं वर ठेवलं असं मला वाटलं आणि मी बटण दाबलं.

फोटो वाया गेला होता. पेट्रसची सावली दोन्ही गालांच्या पोकळ्यांच्या खालच्या निम्म्या भागावर आडवी. त्याने ऐन वेळी हनुवटी खाली घेतली होती.

फोटो पुन्हा काढणं मला सोपं जात नाही. लोकांना वाटतं, डिजिटल आहे, बटण तर दाबायचं. पण दर वेळी तो किरण एका मुलाच्या डोक्यातून जातो. कपाळाच्या सायनससाठी आम्ही जो व्ह्यू काढतो तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते कॉल्डवेल १९१८ मध्ये क्ष-किरणांनी झालेल्या इजांमुळेच गेले. रंटगेन यांनी १८९५ मध्ये हे किरण शोधले, त्याला तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज छातीवर लावते तेव्हा माझ्या मनात हे असतं. म्हणून पुन्हा काढण्याआधी मी स्वतःला विचारते: पहिला का बिघडला? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा काढला तर तोही बिघडणार.

मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले. "वर केलं की काय होतं रे?"

"दुखतं."

"मान?"

"नाही." त्याने डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "आणि उलटी आल्यासारखं होतं. चांदणी बघितली की."

चांदणी बघितली की. मी माझं बोट त्याच्या नाकासमोर धरलं, डोकं हलवू नको म्हटलं आणि बोट सावकाश वर नेलं. उजवा डोळा बोटाबरोबर वर गेला. डावा मध्येच थांबला. अगदी थांबला, जसा खिळ्याला सदरा अडकावा. मुलाचा चेहरा पांढरा पडला आणि तो ट्रेकडे वाकला.

चार वेळा मी त्याला वर बघायला लावलं होतं. चार वेळा त्याने मान खाली घेतली होती, आणि मी त्याला घाबरट समजत होते.

दुसऱ्या फोटोच्या वेळी मी म्हटलं, "डोळे मिट. काही बघायचं नाही. तोंड मी वर करते, तू नुसता ठेव." त्याने डोळे मिटले. हनुवटी सहज वर गेली आणि जागेवर राहिली. श्वास धरायला सांगितला, बटण दाबलं. असा वॉटर्स पुस्तकात छापावा. पेट्रसच्या कडा पोकळ्यांच्या खाली, दोन्ही बाजू सारख्या, गालाची हाडं मोकळी.

त्या फोटोत जवळजवळ काहीच नव्हतं. कुठे चीर नाही, रक्ताची पातळी नाही. खोबणीचा तळ फुटून आतला मऊ भाग पोकळीत उतरला तर छतावरून थेंब लोंबल्यासारखा दिसतो. इथे डाव्या पोकळीच्या छताला तांदळाच्या दाण्याएवढी धूसर जागा होती. ती मला दिसली, पण शपथेवर सांगा म्हटलं तर मी सांगितलं नसतं.

डॉक्टरांनी स्क्रीनवर पाहिलं. "फ्रॅक्चर नाही. उलटीचं औषध देऊ, दोन तास थांबवू."

निदान करायचा अधिकार मला नाही, आणि नसावाही. पण जे बघितलं ते सांगायचा आहे. मी म्हटलं, "सर, मला त्याची पोझिशन मिळत नव्हती. वर बघितलं की तो खाली येतो, डावा डोळा वर जात नाहीये. एकदा तुम्ही बघून घ्या." पेशंटची रांग दारापर्यंत होती. ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले, मग उठले. बोट वर नेलं. मग नाडी धरली. ५४. बारा वर्षांच्या, घाबरलेल्या मुलाची नाडी ५४. त्यांनी लगेच फोन लावला, आणि हे मी त्यांच्याबद्दल नेहमी आदराने सांगते.

गेर सरकली होती. काकांनी स्कूटरवर मध्ये बसवून त्याला सीटीला नेलं. बारीक कापांमध्ये तळाच्या हाडाला फट दिसली, आणि तिच्यात अडकलेला स्नायू. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना जे सांगितलं ते त्यांनी मला चहा पिताना समजावलं. मुलांची हाडं कोवळ्या फांदीसारखी असतात. मार बसला की खोबणीचा तळ वाकतो, उघडतो आणि झडपेसारखा परत मिटतो. मिटताना डोळा खाली ओढणारा स्नायू चिमटीत सापडतो. मूल वर बघतं तेव्हा तो ताणला जातो, आणि त्या ताणाने नाडी मंदावते, मळमळतं. बाहेरून डोळा पांढरा, साध्या एक्स-रेत बरेचदा काही नाही. पोट बिघडलं नाहीतर डोक्याला हादरा बसला असं समजून घरी पाठवतात. चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, म्हणून वाट बघण्याची मुभा नसते.

त्या रात्री रामबागेत घरी पोचले तेव्हा रस्ते धुऊन स्वच्छ झाले होते, दुपारी इथे रंग होता हे खरं वाटू नये इतके. मी अंघोळ केली आणि झोप येईना. चिठ्ठीवर छातीचा फोटो असता तर? तर मी त्याला चांदणीकडे बघायला सांगितलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी चांदणी काढावी असं वाटलं. नाही काढली. आता मूल तिच्याकडे बघतं तेव्हा मी बाजूला उभी राहून हनुवटीच्या आधी डोळे बघते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर आला. डब्यात श्रीखंड होतं. चेहऱ्यावर टाक्याचा मागमूस नाही, डोळ्याच्या खाली थोडा पिवळेपणा. मी बोट वर नेलं. डावा डोळा आला, शेवटी थोडा मागे पडला.

"अजून दोन दोन दिसतं का रे?"

"समोर एकच," तो म्हणाला. "काल गुढीकडे बघितलं तर तांब्या दोन दिसत होते. खालचं पातळ मात्र एकच होतं."

"होईल कमी, डॉक्टर म्हणालेत," आई म्हणाली.

मी खण उघडला, पाकीट काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्या दिवशीच्या धावपळीत सगळेच विसरले होते. त्याने पाकीट उलटं केलं, भिकबाळी तळहातावर पडली, आणि तिचे दोन्ही मोती आहेत ना हे त्याने आधी मोजून बघितलं.