साठ प्रती, साठ अस्तरं

आमचं अनियतकालिक हातशिलाईचं. ए५ आकार (ए४चा ताव मधोमध दुमडला की होतो तेवढा), २४ पानं, ६० प्रती. कविता आल्या, चित्रं आली, दोरा-दाभण आणून ठेवलं. कागदाचं काय, तो मिळेलच, अशा थाटात मी होतो.

मिळालाही. पण कुठे एक ताव, कुठे तीन. आणि प्रतीला ए४चे सहा ताव म्हणजे मला हवे होते ३६०, तेही एकाच जातीचे! रद्दीत जुने नकाशे सापडले, आलेखाच्या वह्या, शिवणकामाचे तलम नमुनाकागद, कोणाच्या तरी अर्धवट हिशेबाच्या चोपड्या. घरी ढीग वाढत गेला, अंक काही पुढे सरकेना.

मग एका छापखान्यात गेलो. मालकापेक्षा कटिंग मशीनवरच्या माणसाशी बोलावं, हे तिथे कळलं. मोठ्या कामातून उरलेले २५० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारे, जाड पट्टे त्याने आनंदाने दिले. मुखपृष्ठाचा प्रश्न मिटला म्हणून खूश झालो आणि पहिलीच घडी घातली, तर कणा तडकला. कागदातले तंतू घडीला आडवे होते. आता कागद निवडताना आधी एक तुकडा ओला करून पाहतो. तो ज्या दिशेने नळीसारखा वळतो, त्या नळीच्या लांबीला समांतर घडी घालायची. ते पट्टे बुकमार्क झाले.

पुढची फजिती प्रिंटरची. ट्रेसिंग पेपरवर इंकजेटची शाई वाळेचना, दुसऱ्या दिवशीही बोटं काळी. हातकागदाला शाई पसरू न देणारी खळ कमी होती, अक्षरं फुटली. मेणकागद मित्राच्या लेझर प्रिंटरमध्ये घालणार होतो. आत तापलेला रोलर असतो, मेण वितळून त्यालाच चिकटेल, हे त्याने वेळीच सांगितलं, मैत्री वाचली.

शेवटी आतली पानं साध्या ९० जीएसएम मळकट पांढऱ्या कागदावर छापली. मुखपृष्ठाचं कार्डही साधंच, तंतू पाहून घेतलेलं. ढिगातला कागद मात्र वाया घालवायचा नव्हता. मुखपृष्ठाच्या आत प्रत्येक प्रतीला वेगळं अस्तर लावलं. त्यावर काही छापायचं नसल्यामुळे सगळे लहरी कागद चालून गेले. न्यूजप्रिंटसुद्धा घेतला, पिवळा पडणार हे माहीत होतं, पडू दे.

अंक वाटल्यावर कवितांबद्दल दोघे बोलले. बाकीच्यांचं एकच: "त्याच्या अंकात नकाशा आहे, मला चौकटी का?"