डिझाइन रिव्ह्यूच्या तीन सुनावण्या : माझा अनुभव

माझं फिजिओथेरपीचं केंद्र भाड्याच्या जागेतून स्वतःच्या इमारतीत न्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात दोनच परवानग्या होत्या. एक जागेच्या वापराची, दुसरी बांधकामाची. आमच्याकडे या दोन्हींच्या मध्ये डिझाइन रिव्ह्यू नावाचा एक टप्पा असतो, हे आराखडे तयार झाल्यावर कळलं. इमारत रस्त्यावरून कशी दिसेल, तिच्या भोवती काय लावणार, पाटी कुठे आणि केवढी असेल, हे सगळं एका समितीसमोर मांडून पास करून घ्यावं लागतं. आम्हाला त्यासाठी ७ महिने आणि ३ सुनावण्या लागल्या. पहिल्या सुनावणीनंतर मी घरी येऊन रडले होते. आज त्याच इमारतीत बसून हे लिहिते आहे, कारण या वाटेला नव्याने जाणाऱ्याला त्यातलं थोडं तरी आधी कळावं असं मनापासून वाटतं.

पहिली सुनावणी आमच्याच चुकांमुळे बिघडली. मी तयारी करून गेले होते, पण ती भलत्याच प्रश्नांची. रोज किती पेशंट येतात, त्यांना जागा किती लागते, यंत्रं कोणती बसवणार, हे मी दहा मिनिटं सांगत राहिले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण समोरच्या फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाला काय दिसेल, ते आम्हाला दाखवा."

आमच्याकडे तसं एकही चित्र नव्हतं. होती ती सगळी आकाशातून पाहिल्यासारखी. गच्ची छान, भोवतीची हिरवळ छान, संध्याकाळचा सोनेरी प्रकाश. माणसाची नजर जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. तिथून पाहिलं की गच्ची दिसतच नाही, दिसते ती भिंत. आणि आमच्या इमारतीची रस्त्याकडची निम्मी भिंत कोरी होती, कारण तिच्या मागे स्टोअर आणि टॉयलेट होते. चित्रात त्या भिंतीपुढे डेरेदार झाडं काढलेली होती. समितीत झाडांच्या जाणकार असलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ही झाडं लावाल तेव्हा केवढी असतील?" ज्या फर्मने आराखडे केले होते तिचा माणूस म्हणाला, "ते प्रातिनिधिक आहे." मग प्रश्न आला, गच्चीवर एसीची आउटडोअर युनिट्स कुठे आहेत? ती चित्रात नव्हतीच. आठ युनिट्स बसणार हे फर्मला माहीत होतं, पण चित्र खराब दिसतं म्हणून ती काढून टाकली होती, आणि हे मला त्या टेबलासमोर उभी असताना कळलं. पेशंटपासून एक्स-रे लपवावा तसं ते वाटलं. त्या फर्मबरोबरचं काम मी पुढच्या आठवड्यात थांबवलं.

निकाल ना होकार, ना नकार. 'पुढील तारखेला' असा शेरा आणि सोबत १४ मुद्द्यांचं टिपण.

हे टिपण कसं वाचायचं, हे मला समितीचं कामकाज पाहणाऱ्या छाननी अधिकारी बाईंनी शिकवलं. समिती आपल्या मर्जीने बोलत नाही, तिच्याकडे छापील मार्गदर्शक तत्त्वं असतात आणि मुद्दा त्यातल्या कलमाला धरून असायला हवा. किती मजले, किती चटई क्षेत्र, हद्दीपासून किती अंतर, हे नियमांनी आधीच ठरलेलं असतं. इमारत किती भक्कम, ते वेगळे अभियंते तपासतात. समितीपुढे उरतं ते दिसण्याचं आणि वावरण्याचं. इमारतीचा आकारउकार, दारं-खिडक्यांची तोंडं, वीट-गिलावा-रंग, झाडं, पार्किंग, दिवे, पाटी. आम्ही दोघी प्रत्येक मुद्द्यासमोर कलम लिहीत गेलो. ११ मुद्द्यांना कलम सापडलं. उरलेल्या ३ सूचना सदस्यांच्या पसंतीच्या होत्या, जसं की छप्पर उतरतं करून पाहा. बाई म्हणाल्या, "या सूचना आहेत. मान्य नसतील तर कारण द्या, रागावू नका." छप्पर आम्ही सपाटच ठेवलं आणि कारण दिलं. कोणी हरकत घेतली नाही. हा भेद मला आधी माहीत असता तर त्या रात्री झोप लागली असती.

आमचे कॉन्ट्रॅक्टर मात्र चिडले होते. "आपली जमीन, आपला पैसा, भिंतीचा रंग दुसऱ्यांनी का ठरवायचा?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी थोडं वाचलं. ही कल्पना बरीच जुनी निघाली. ब्रिटनमध्ये १९२४ साली रॉयल फाइन आर्ट कमिशन नेमलं गेलं, ते इमारतींच्या रूपाबद्दल सल्ला देई. अमेरिकेत चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये आपल्या जुन्या वस्तीतल्या बाहेरून दिसणाऱ्या बदलांची तपासणी एका मंडळावर सोपवली. आपल्याकडे १९७३ च्या कायद्याने दिल्ली अर्बन आर्ट कमिशन आलं. माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं. इमारतीच्या आत मी आणि माझे पेशंट राहणार, पण बाहेरची भिंत त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला रोज बघावी लागणार. त्यांना ती नको असली तरी मान फिरवून किती दिवस जातील?

दुसरी आर्किटेक्ट वयाने लहान होती आणि तिचा एक हट्ट होता. चित्रं कमी, वस्तू जास्त. तिने जागेवर १ मीटर लांब, १ मीटर उंच अशा दोन नमुना-भिंती बांधून घेतल्या. वीट दोन्हींची तीच. एकीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, करड्या सिमेंटच्या, विटेच्या बरोबरीला पुसलेल्या. दुसरीच्या वाळूच्या रंगाच्या आणि जरा आत दबलेल्या. मी दुपारी पाहायला गेले आणि गोंधळले. विटा वेगळ्या आणल्यात का, असं विचारलं. विटांच्या भिंतीत दिसणाऱ्या पृष्ठभागाचा साधारण सहावा-सातवा हिस्सा नुसत्या दरजांचा असतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. करड्या दरजांची भिंत थकलेली, मळकी वाटत होती. दबलेल्या दरजांवर उन्हाने बारीक सावल्या धरल्या होत्या आणि प्रत्येक वीट सुटी, उबदार दिसत होती. समितीचे चौघे जण पाहायला आले तेव्हा आधी रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिथून पाहिलं, मग जवळ आले. अध्यक्षांनी एका दरजेतून अंगठा फिरवला आणि "ही" एवढंच म्हणाले. कॅटलॉगमधल्या तुकड्यांवर आमची तीन आठवडे चर्चा चालली होती.

पुढचा विषय शेजारच्या काकांचा. त्यांची लेखी हरकत होती की वरच्या मजल्याच्या खिडक्या थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत बघतील. आर्किटेक्टने सांगितलं की स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाच्या परवानगीआधी जागेवर खांब रोवून इमारतीची बाह्यरेषा उभी करून दाखवावी लागते. आम्ही बांबू उभे केले, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या उंचीवर एक आणि खिडकीच्या तळाच्या उंचीवर दुसरी, अशा लाल दोऱ्या बांधल्या. मग मी काकांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पलंगाशेजारी उभी राहिले. दोरी समोरच होती. काका म्हणाले, "म्हणजे तुमचे पेशंट मला दिसणार, आणि मी त्यांना." व्यायाम करताना माणूस किती अवघडलेला असतो, हे मला चांगलं माहीत आहे. गुडघा वाकत नाही, घाम आलेला असतो, कधी डोळ्यांत पाणी असतं. ती खिडकी काकांइतकीच माझ्या पेशंटसाठीही चुकीची होती. त्या बाजूच्या खिडक्यांचा तळ आम्ही खोलीच्या फरशीपासून १.७ मीटरवर नेला. उजेड भरपूर आला, नजर गेली. दुसऱ्या सुनावणीला काका स्वतः आले आणि दोन वाक्यांत हरकत मागे घेऊन निघून गेले.

कोपऱ्यावर एक जुनं झाड आहे. आम्ही ते तोडणार नव्हतोच, त्यामुळे त्याची काळजी घेतली आहे असं मी समजत होते. झाडांच्या जाणकार बाईंनी बुंध्याचा व्यास विचारला. छातीच्या उंचीला ५५ सेंटिमीटर. त्यांनी त्याला १२ ने गुणलं. ६.६ मीटर. झाडाभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ खणायचं नाही, त्यात यंत्र न्यायचं नाही, तिथे रेती-खडी टाकायची नाही. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मानकांत हाच गुणाकार आहे. मुळं खोल जातात अशी आपली समजूत असते, पण बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि डेऱ्याच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी वरून वाळू लागतं, आणि तेव्हा बांधकामाची आठवण कोणाला राहत नाही. आमच्या पार्किंगच्या दोन जागा त्या वर्तुळात होत्या, त्या मागे हलवल्या. कामाला सुरुवात करण्याआधी पहिलं जे उभं राहिलं ते झाडाभोवतीचं कुंपण.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले. दुसऱ्या सुनावणीत एक तरुण सदस्य, जे आतापर्यंत फारसे बोलले नव्हते, त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "समोर तीन पायऱ्या आहेत आणि रॅम्प बाजूला, पार्किंगच्या मागून. तुमच्याकडे येणाऱ्यांतले किती जण पायऱ्या चढू शकतात?" मी गप्प झाले. जोतं, म्हणजे इमारतीची फरशी बाहेरच्या जमिनीपासून, ४५ सेंटिमीटर उंच धरलं होतं. १:१२ च्या उताराने, म्हणजे उंचीच्या बारापट लांबीने, त्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, तो समोर बसेना म्हणून बाजूला गेला होता. उतार नियमात होता, लांबी नियमात होती, कठडा नियमात होता. पण दिवसभर माणसांना चालायला शिकवणारी मी, आणि माझ्या इमारतीत ज्याचा पाय चालत नाही त्याने मागच्या दाराने यायचं. या एका प्रश्नासाठी मी त्या समितीची जन्मभर ऋणी राहीन.

आर्किटेक्टने सगळं पुन्हा मांडलं. जोतं १५ सेंटिमीटरवर आणलं, पाणी आत येऊ नये म्हणून दारासमोर जाळीचा चर घेतला, आणि फाटकापासून दारापर्यंतची वाटच १:२० उताराची केली. एवढा उतार पायाला जाणवतही नाही. पायरी एकही नाही, वेगळा रॅम्पही नाही. व्हीलचेअर, वॉकर, धावत येणारं पोर, सगळे एकाच वाटेने एकाच दारात येतात. आणि गंमत बघा, जोतं खाली आल्यामुळे इमारतीची उंचीही कमी झाली आणि पॅरापेट जरा वाढवून एसीची युनिट्स त्यामागे लपवता आली.

तिसरी सुनावणी पाटी आणि दिव्यांची. मला ४५ सेंटिमीटरची अक्षरं हवी होती, आतून उजळणाऱ्या डब्यातली. आर्किटेक्टने खऱ्या मापाच्या दोन पाट्या कापडावर छापून भिंतीच्या जागी टांगल्या. ढोबळ हिशेब असा, की अंतराच्या दर ३ मीटरला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर धरलं की सहज वाचता येतं. रस्ता ओलांडून १५ मीटरवर उभी राहिले, १३ सेंटिमीटरची अक्षरं आरामात वाचली. मोठ्या पाटीवर नाव, पदव्या, सहा उपचार आणि फोन नंबर होता. धड काहीच वाचलं जात नव्हतं, डोळा नुसता फिरत होता. फक्त नाव आणि 'फिजिओथेरपी' एवढं ठेवलं. पाटीवर शब्द कोणते असावेत यात समितीने लक्ष घातलं नाही, फक्त माप, जागा आणि उजेड पाहिला. अक्षरं भिंतीपासून जरा सुटी, मागून मंद प्रकाश. बाकीचे दिवे सगळे खाली तोंड केलेले, ३००० केल्विनच्या आतले, म्हणजे पिवळसर उजेडाचे, केंद्र बंद झाल्यावर बंद होणारे. वीस मिनिटांत सुनावणी संपली आणि अटींसह मंजुरी मिळाली.

कोणाला जायचं असेल तर एकच आग्रहाने सांगेन. आराखडा पक्का व्हायच्या आधी, अगदी पेन्सिलीने काढलेला असतानाच, एकदा प्राथमिक भेट मागा. ती सोय होती, मला कोणी सांगितली नाही. पक्क्या नकाशातली भिंत हलवताना सगळ्यांचाच जीव जातो. पेन्सिलीची रेघ खोडरबराने जाते.

अटींमध्ये एक अशी, की लावलेलं झाड दोन वर्षांत मेलं तर त्याच जातीचं पुन्हा लावायचं आणि तसं कळवायचं. रस्त्याकडच्या कडेने ११ रोपं लावली होती, पहिल्याच उन्हाळ्यात ३ गेली. दोन पाण्याअभावी, तिसरं फाटकाजवळचं, वाटेच्या वळणावर व्हीलचेअरचं चाक त्याच्या आळ्यात जाऊन. त्या दोघांच्या जागी नवी लावली. तिसऱ्यासाठी मी छाननी अधिकारी बाईंना पत्र दिलं, की हे रोप अर्धा मीटर आत सरकवायची परवानगी द्यावी, वाट तिथे रुंद हवी आहे. सोबत चाकाच्या खुणेचा फोटो जोडला. चौथ्या दिवशी होकार आला.